ताप किती ते नंतर, पोर कसं आहे ते आधी सांगा

मानखुर्दमध्ये मला बरीच नावं आहेत. कुणी 'पोलिओवाली' म्हणतं, कुणी 'डोसवाली बाई'. लल्लूभाई कंपाउंडमधल्या म्हाताऱ्या नुसतं 'ताई' म्हणतात आणि मंडाळ्यातल्या भाभी 'दीदी'. महापालिकेच्या कागदावर मी आरोग्यसेविका आहे. म्हणजे डॉक्टर नाही आणि नर्सही नाही. घरोघर फिरायचं, गरोदर बायांची नोंद ठेवायची, लस राहिलेल्या मुलांच्या याद्या करायच्या, ताप-खोकला कुणाला आहे ते विचारायचं आणि आरोग्य केंद्रात कळवायचं, एवढं माझं काम. पण दार वाजवणारी बाई कायम तीच असली की डॉक्टरांना विचारायचे प्रश्नही लोक तिलाच विचारतात. पावसाळा लागला की त्यातला एक प्रश्न जिन्या-जिन्यात ऐकू येतो: "ताई, पोराला ताप आहे, नेऊ का?"

आमच्याकडे हा प्रश्न साधा नाही. नेणं म्हणजे आईच्या घरकामाचा खाडा, रिक्षाचं भाडं, शताब्दी हॉस्पिटलातली रांग आणि धाकटीला कुणाकडे सोडायचं याचा घोर. न नेणं म्हणजे रात्रभर धाकधूक. म्हणून बहुतेक जण मधला रस्ता धरतात. गल्लीतल्या दवाखान्यात जायचं, इंजेक्शन घ्यायचं, तीन रंगांच्या गोळ्या आणि एक बाटली घेऊन यायचं. सकाळी ताप उतरतो, संध्याकाळी परत चढतो, मग दुसरा दवाखाना.

मी उत्तर द्यायच्या आधी उलट विचारते. पितंय का? श्वास कसा चाललाय? शू शेवटची कधी केली? ताप उतरला की खेळतंय का? समोरची बाई वैतागते, "अहो ताई, १०२ आहे!" ताप किती ते नंतर सांग, पोर कसं आहे ते आधी सांग, असं मी तिला म्हणते. १०३ ताप असलेलं पोर औषधानंतर तासाभरात चेंडू मागत असेल, तर मला फार काळजी वाटत नाही. ९९ ताप असलेलं पोर मान टाकून पडलं असेल, तर मी चपला घालायला सांगते.

इंजेक्शन कशाला नाही?

लल्लूभाई कंपाउंडमधल्या खोल्या २२५ चौरस फुटांच्या. रेल्वेच्या कडेच्या झोपड्या हलवल्या तेव्हा आम्ही इथे आलो. इमारती एकमेकींना इतक्या खेटून उभ्या आहेत, की खालच्या मजल्यांवर दिवसाही दिवा लावावा लागतो. एका खोलीत पाच-सहा माणसं, एकच पंखा, झोपायला एकच सतरंजी. एका पोराची सर्दी दोन दिवसांत सगळ्यांना लागली, तर त्यात कुणाच्या स्वच्छतेची चूक नसते. विषाणूला माणसं जवळजवळ लागतात, आणि जवळजवळ राहण्याशिवाय आमच्याकडे दुसरी सोय नाही.

लहान मुलांची बहुतेक दुखणी अशी विषाणूची असतात. सर्दी, खोकला, तापासोबतचे जुलाब, अंगावरचे पुरळ, तोंडातले फोड. अंगणवाडीत जायला लागल्यावर पहिली एक-दोन वर्षं पोर सारखं आजारी वाटतं, तेही यामुळेच. या विषाणूंवर अँटिबायोटिक चालत नाही. ती औषधं जंतूंवरची, म्हणजे बॅक्टेरियावरची. सर्दीला ती दिली तर सर्दी त्याच गतीने बरी होते, वर जुलाब लागतात, आणि पुढे खरी गरज पडते तेव्हा जंतूंना त्या औषधाची सवय झालेली असते. इंजेक्शनने ताप उतरतो कारण त्यात तापाचं औषध असतं. तेच औषध बाटलीतून तोंडावाटे देता येतं, आणि पोराला सुई टोचावी लागत नाही.

साध्या विषाणूचा ताप साधारण तीन दिवस राहतो, उतरतो, चढतो. नाक आठवडाभर वाहतं. खोकला दोन-तीन आठवडेही रेंगाळतो, आणि पोर खेळतं-खातं असेल तर तेवढ्यासाठी घाबरायचं कारण नाही. आजार शरीरच बरा करतं. घराचं काम दोन गोष्टींचं: पोराच्या पोटात पाणी जात राहील हे बघणं, आणि डोळ्यांत तेल घालून पाळत ठेवणं. हे काम हलकं नाही, म्हणून ते नीट शिकून घ्यावं.

एक पोर, तीन बाटल्या

तापाला पॅरासिटामॉल. वयावर नाही, वजनावर. एका वेळी किलोमागे साधारण १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान चार ते सहा तासांचं अंतर, आणि चोवीस तासांत चारपेक्षा जास्त डोस नाहीत. हिशेब सोपा वाटतो, पण खरा घोळ बाटलीत आहे. दुकानात पॅरासिटामॉलचं पातळ औषध निरनिराळ्या ताकदीचं मिळतं. १० किलोच्या पोराला १५० मिलिग्रॅम हवं. '५ मिलीमध्ये १२० मिग्रॅ' लिहिलेल्या बाटलीतून ते सहा मिलीच्या आसपास होतं. '५ मिलीमध्ये २५०' असेल तर ३ मिली. आणि ड्रॉपरवाल्या छोट्या बाटलीत '१ मिलीमध्ये १००' असेल तर फक्त दीड मिली. शेजारणीने "मी एक झाकण देते" सांगितलं म्हणून आपणही एक झाकण दिलं, तर एका घरी औषध कमी पडतं आणि दुसऱ्या घरी यकृतावर बेततं. म्हणून मी बायांना सांगते, डॉक्टरांकडून आपल्या पोराचा डोस आपल्याच बाटलीवर मिलीमध्ये लिहून घ्या, आणि मापाला औषधासोबतची पिचकारी वापरा. घरातला चमचा नको, कारण दोन घरांतले चमचे सारखे नसतात.

ताप म्हणजे शत्रू नाही, अंगाची लढाई चालू असल्याची ती खूण आहे. पोर हसत असेल तर १००च्या तापाला झोपेतून उठवून औषध पाजायची गरज नाही. अंग दुखतंय, किरकिर आहे, पीत नाही, तेव्हा द्यावं. अंगावर गोधड्या टाकून घाम काढायचा नाही, बर्फाच्या पाण्याने पुसायचंही नाही, त्याने कुडकुडून ताप उलट चढतो. पातळ कपडे, पंखा आणि वाटलं तर कोमट पाण्याचा फडका, बस. आणि दोन औषधं लक्षात ठेवा. मोठ्यांची ॲस्पिरिनची गोळी मोडून पोराला कधीही नाही. दुसरं नायमेसुलाइड. ते १२ वर्षांखालच्या मुलांना देण्यावर आपल्या देशात २०११पासून बंदी आहे, तरी 'तापाची जोरदार गोळी' म्हणून ते मागणारे भेटतात.

तीन महिन्यांच्या आतल्या तान्ह्याला मात्र यातलं काहीच लागू नाही. त्याला १००.४ ताप आला की घरी पाळत ठेवायची नाही, लगेच दवाखाना.

तापात आकडी आली की घरात हलकल्लोळ होतो. कुणी कांदा फोडून नाकाला लावतं, कुणी चप्पल हुंगवतं, कुणी दातखीळ उघडायला चमचा घालतं. चमच्याने दात तुटतात, नाहीतर श्वास अडतो. कांदा-चपलेने काही होत नाही, वेळ मात्र जातो. पोराला कुशीवर झोपवा, गळ्याजवळचं बटण सोडा, तोंडात काही घालू नका, पाणीही नाही. आणि घड्याळ बघा. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापातली अशी आकडी येऊ शकते, बहुतेक वेळा ती दोन-तीन मिनिटांत थांबते आणि मेंदूला इजा होत नाही. पाच मिनिटांच्या वर गेली तर १०८ला फोन. थांबली तरी पहिल्यांदाच आली असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवायचं.

श्वास मोजायला शिका

खोकल्याच्या आवाजाने लोक घाबरतात, पण धोका आवाजात नसतो, श्वासात असतो. आमच्याकडच्या भाभी म्हणतात, "पसली चल रही है." आजीबाई म्हणतात, "पोट उडतंय." दोघींनी बघितलेलं एकच: श्वास आत घेताना बरगड्यांखालचा भाग खड्डा पडल्यासारखा आत ओढला जातो. ही न्यूमोनियाची खूण असू शकते. ही दिसली की औषधाचं दुकान नाही, थेट हॉस्पिटल.

त्याच्या आधीची खूण जलद श्वास. पोर शांत असताना, झोपलेलं असेल तर उत्तम, सदरा वर करायचा आणि मोबाइलमध्ये एक मिनिट लावून पोट किती वेळा वर येतं ते मोजायचं. अर्ध मिनिट मोजून दुप्पट करायचं नाही, कारण लहान मुलांचा श्वास एकसारखा नसतो. दोन महिन्यांच्या आत मिनिटाला ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त असेल तर श्वास जलद आहे असं धरा आणि पोराला न्या.

"आम्हाला कुठे जमतंय मोजायला?" म्हणणाऱ्यांना मी गडचिरोलीचं सांगते. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने तिथल्या गावांत फारसं न शिकलेल्या दायांना आणि आरोग्यदूतांना हेच शिकवलं. ज्यांना चाळीसपर्यंत मोजणं कठीण जाई त्यांच्यासाठी मणी आणि वाळूचं घड्याळ जोडलेलं एक साधन केलं. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली तर श्वास जलद. या कामाचा अहवाल १९९०मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आला. जिथे हे काम झालं तिथे न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू निम्म्याहून कमी होते. गडचिरोलीतल्या दायांना जमलं ते हातात मोबाइल असलेल्या आईला का जमू नये?

खोकल्याच्या बाटलीबद्दल एकच सांगते. २०२५मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्यात खोकल्याच्या विषारी सिरपने वीसहून अधिक मुलं गेली. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल नावाचं विष निघालं, जे मूत्रपिंड निकामी करतं. त्यानंतर केंद्राने पुन्हा बजावलं की दोन वर्षांखालच्या मुलांना खोकला-सर्दीची औषधं देऊ नयेत. विष नसलं तरी साध्या खोकल्यावर त्या सिरपचा उपयोग जवळजवळ नसतोच. नाक चोंदलं तर मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब दुकानात मिळतात, दूध पाजण्याआधी ते घाला. एक वर्ष पूर्ण झालेल्या मुलाला झोपताना चमचाभर मध चालतो. वर्षाच्या आतल्याला मध नाही, बोटाला लावून चाटवायचाही नाही.

आजीच्या बटव्यातलं बरंच निरुपद्रवी आहे: गरम पेज, हळदीचं दूध, ओव्याची पुरचुंडी. तीन गोष्टी मात्र काढून टाकते. नाकात तेल, कारण ते फुप्फुसात उतरतं. कापूर, कारण पोटात गेला तर आकडी येते. आणि वाफेचं पातेलं, कारण एका खोलीच्या घरात, जिथे पोरं पायात असतात, तिथे उकळत्या पाण्याने भाजलेलं पोर खोकल्यापेक्षा वाईट.

पुडीवर लिहिलेलं वाचा

पाणी कमी येतं, ड्रममध्ये साठतं, काही वस्त्यांत विकत घ्यावं लागतं. त्यामुळे जुलाब-उलट्या आमच्या ओळखीच्या. लहानांत त्यातले बरेच रोटाव्हायरससारख्या विषाणूंचे. रोटाची लस २०१९पासून महाराष्ट्रात सरकारी केंद्रांवर फुकट मिळते, दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना. पण जुलाब लागलेच तर बंद करायची घाई नको, अंगातलं गेलेलं पाणी भरून काढायची घाई करा.

यामागे एका डॉक्टरचा धीटपणा आहे. १९७१मध्ये बांगलादेशच्या युद्धात लाखो निर्वासित सीमा ओलांडून आले आणि बंगालमधल्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईन संपत आली. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं मोजून केलेलं पाणी ड्रममधून वाटलं आणि रुग्णांना ते पाजायचं काम नातेवाइकांच्या हाती दिलं. मृत्यूचं प्रमाण ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आलं. महालनबीस २०२२च्या ऑक्टोबरमध्ये वारले, पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. सलाईन लावल्याशिवाय पोर सुधारणार नाही असं कुणी म्हटलं की मला ती छावणी आठवते.

ओआरएसची मोठी पुडी एक लिटर पाण्यासाठी असते, छोटी २०० मिलीसाठी. मोठी पुडी ग्लासभर पाण्यात घातली तर पाणी अति खारट होऊन पोराला अपाय होतो. अर्धी पुडी आज, अर्धी उद्या असंही करू नका. एक लिटरची पाण्याची बाटली हेच माप. केलेलं पाणी चोवीस तासांत संपवा, उरलं तर टाका. प्रत्येक जुलाबानंतर दोन वर्षांच्या आतल्याला पाव ते अर्धा कप, मोठ्याला अर्धा ते एक कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबून पुन्हा चमच्या-चमच्याने सुरू. पुडी नसेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. सोबत आरोग्य केंद्रातून झिंकच्या गोळ्या, चौदा दिवस, जुलाब थांबले तरी. अंगावरचं दूध, पेज, खिचडी, ताक चालू ठेवायचं. पोराला उपाशी ठेवून पोटाला आराम मिळत नाही.

आणखी एक. मेडिकलमध्ये ओआरएसच्या नावाने गोड सरबताचे रंगीत डबे वर्षानुवर्षं विकले गेले. त्यात साखर इतकी, की जुलाब वाढायचे. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष त्याविरुद्ध वर्षानुवर्षं लढल्या, आणि ऑक्टोबर २०२५मध्ये अन्न सुरक्षा प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. तरी डबा घेताना नाव बघू नका, पुडी मागा.

पुरळ आले म्हणजे सगळे 'माता' नव्हेत

अंगावर पुरळ उठले की आमच्या वस्तीत बहुतेक घरांत एकच निदान: माता आली. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागतो, फोडणी बंद होते, पोराला वेगळं निजवतात. यातलं काही मला पटतं. वेगळं निजवणं, गर्दीतून दूर ठेवणं, मऊ साधं खायला देणं, हे डॉक्टरही सांगतात. डहाळ्याला माझी हरकत नाही, तो बघून शेजारची बाई पोर घेऊन आत येत नाही, हा फायदाच. हरकत दवाखाना बंद ठेवण्याला आहे. देवीला हात जोडून झाले की त्याच हातांनी पोर उचलून केंद्रात आणा, एवढंच माझं मागणं असतं.

कारण पुरळ वेगवेगळ्या आजारांचे असतात. कांजिण्यांत पाण्याने भरलेले बारीक फोड, खूप खाज, आणि एकाच अंगावर नवे लाल ठिपके, फोड आणि खपल्या एकदम दिसतात. सगळ्यांवर खपली धरेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, शाळा नाही. नखं कापा, आंघोळ घाला, आणि गरोदर बाईला त्या खोलीत येऊ देऊ नका.

हात-पाय-तोंडाच्या आजारात तळहात, तळपाय, ढुंगण आणि तोंडात फोड येतात. २०२२मध्ये केरळात त्याला 'टोमॅटो फ्लू' नाव पडलं आणि लोक उगाच हादरले. सात-दहा दिवसांत तो आपोआप जातो. त्रास असतो गिळण्याचा. गार दूध, दही-भात, पातळ सांजा, तिखट-आंबट काही नाही. काही आठवड्यांनी नख सुटून आलं तरी घाबरू नका, नवं येतं. शी धुतल्यावर हात साबणाने धुणं मात्र महिनाभर चुकवू नका, कारण विषाणू शीतून बाहेर पडत राहतो.

वर्ष-दीड वर्षाच्या पोराला तीन-चार दिवस जोरदार ताप येतो, उतरतो, आणि उतरल्यावर गुलाबी पुरळ दिसतात. त्याला लोक गोवर समजतात. तो गोवर नाही, आणि पुरळ आले तेव्हा आजार संपलेला असतो. कानाखाली गाल सुजला तर गालगुंड. गरम-गार जे सोसेल ते शेकणं, मऊ जेवण आणि पाच दिवस घरी.

आता खरा गोवर. त्यात आधी तीन-चार दिवस ताप, खोकला, वाहतं नाक आणि लाल, पाणावलेले डोळे. मग कानामागून आणि कपाळावरून पुरळ सुरू होऊन खाली उतरतात, आणि ताप उतरायच्या ऐवजी पुरळांसोबत चढतो. पुरळ यायच्या चार दिवस आधीपासून ते नंतर चार दिवसांपर्यंत तो लागतो. पोर खोलीतून निघून गेल्यावरही दोन तास हवेत विषाणू राहू शकतो. मानखुर्दच्या खोल्यांत त्याचा अर्थ काय होतो ते आम्ही २०२२मध्ये पाहिलं.

त्या ऑक्टोबरच्या शेवटी, आमच्याच एम-पूर्व विभागात, गोवंडीच्या रफीकनगरात दोन दिवसांत तीन मुलं दगावली. करोनाच्या काळात लसीकरण मागे पडलं होतं. गावी गेलेली कुटुंबं परतली तेव्हा बऱ्याच मुलांच्या कार्डावरचे गोवराचे रकाने रिकामे होते. नोव्हेंबरमध्ये दिल्लीहून केंद्राचं पथक आलं, कस्तुरबा आणि गोवंडीच्या शताब्दीत गोवराचे वॉर्ड उघडले, आणि आम्ही सगळ्या जणी याद्या घेऊन गल्ल्यांत उतरलो. कुणी दार लावून घ्यायचं, कुणी "डोस से बुखार आता है" म्हणायचं. मशिदींतून मौलानांनी लस घ्यायला सांगितलं तेव्हा बंद दारं उघडायला लागली. केंद्राने २३ नोव्हेंबरला सूचना काढली: साथ असलेल्या भागात नऊ महिने ते पाच वर्षांच्या मुलांना एक जादा डोस, आणि जिथे अगदी लहानांत गोवर जास्त आहे तिथे सहा ते नऊ महिन्यांच्या बाळांनाही एक डोस.

गोवराने मुलं मरतात ती बहुधा पुरळांनी नाही, मागून येणाऱ्या न्यूमोनियाने आणि जुलाबांनी. गोवर अंगातली जुन्या आजारांविरुद्ध कमावलेली ताकदही पुसून टाकतो, म्हणून बरं झालेलं पोरही काही महिने वरचेवर आजारी पडतं. गोवरात व्हिटॅमिन ए द्यायचं असतं. गोवर झालेल्या मुलाला लागोपाठ दोन दिवस दोन डोस, वयाप्रमाणे, केंद्रात फुकट. डोळे वाचतात आणि जीवही. म्हणून गोवराचा संशय आला की घरी पाळत पुरेशी नाही, केंद्राला कळवायचं आणि दाखवायचं.

पावसाळ्यात डेंग्यूचंही ध्यानात ठेवा. त्यात उलटं असतं. ताप उतरतो आणि घरात सगळे निश्चिंत होतात, तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. पोट खूप दुखणं, सारख्या उलट्या, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, हात-पाय गार, सुस्ती, यातलं एकही दिसलं तर थांबायचं नाही. डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन किंवा मेफेनॅमिकची औषधं स्वतःहून देऊ नका, फक्त पॅरासिटामॉल.

रात्री निघायचं कधी

हे भिंतीला चिकटवून ठेवा:

- पोर काहीच पीत नाही, दूध ओढत नाही, किंवा दिलेलं सगळं उलटून टाकतं.
- झोपेतून नीट जागं होत नाही, ओळखत नाही, मान ताठ झाली आहे.
- आकडी आली आहे.
- श्वास जलद आहे, बरगड्यांखाली खड्डा पडतो, ओठ निळसर दिसतात.
- सहा-आठ तासांत शू नाही, डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही.
- शीत रक्त, किंवा अंगावर दाबूनही न जाणारे जांभळे ठिपके.
- ताप तीन दिवसांच्या वर गेला, किंवा एकदा उतरून दोन दिवसांनी परत चढला.
- आणि आईला वाटतंय की हे नेहमीसारखं नाही.

शेवटचं मी मुद्दाम लिहिलं आहे. सासू "आमची चार अशीच वाढली" म्हणत असेल, नवरा "सकाळी बघू" म्हणत असेल, तरी. डॉक्टर पोराला पाच मिनिटं बघतात, आई जन्मापासून बघत असते.

पोर बरं असताना करायचं काम

ताप आल्यावर धावपळ होते, म्हणून तयारी त्याआधीची. लसीचं कार्ड काढून बघा: गोवर-रुबेला नऊ महिने पूर्ण झाल्यावर एक, सोळा ते चोवीस महिन्यांत दुसरी. साथीत सहा ते नऊ महिन्यांत डोस मिळाला असला तरी या दोन्ही द्यायच्याच, तो यात धरत नाहीत. कार्डाच्या मागे पोराचं वजन आणि पॅरासिटामॉलचा डोस पेनने लिहा, दर तीन महिन्यांनी बदला. घरात ओआरएसच्या दोन पुड्या, एक ताकद माहीत असलेली पॅरासिटामॉलची बाटली, एक पिचकारी आणि एक डिजिटल थर्मामीटर असू द्या. पाऱ्याचा नको, फुटला की पारा खोलीभर होतो. संध्याकाळी उघडा असणारा जवळचा 'आपला दवाखाना' कुठे आहे ते दिवसा जाऊन बघून ठेवा.

पुड्या, झिंक, व्हिटॅमिन ए आणि लस केंद्रात फुकट मिळतात. थर्मामीटर तेवढा विकत घ्यावा लागतो. तो शेजारणीशी अर्धे-अर्धे पैसे काढून घेतला तरी चालेल. आमच्या जिन्यात एका घरचा ताप आठवड्याभरात दुसऱ्या घरी पोचतोच, त्यामुळे वापर बरोबरीचाच होईल.